एकीचे गुपित, साऱ्यांचे पाप : ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरीचा आढावा

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट वाचकांसाठी गेली साडेचार दशके जी ऐतिहासिक कादंबरी लिहिली जाते, तिची चौकट ओळखायला फार पाने उलटावी लागत नाहीत. काळ बहुधा एकोणिसाव्या शतकाचा, कधी त्याच्या मागचा, कधी महायुद्धाचा. नायिका काहीतरी लपवून जगत असते : लग्नाआधी झालेले मूल, विकले गेलेले बालपण, खोटे नाव, नाहीतर शत्रुपक्षाशी चोरून राखलेला संबंध. देवावरचा तिचा विश्वास एकतर उडालेला असतो, किंवा आईबापांकडून आयता आलेला आणि कधीच कसाला न लागलेला. गुपित फुटते, ती कोसळते, तिला क्षमा मिळते आणि बहुतेकदा तिचे लग्नही होते. या चौकटीची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. तरीही या कादंबऱ्यांभोवती एक गंभीर चर्चा उभी राहिली आहे. साहित्याचे समीक्षक, स्त्रीवादी अभ्यासक, धर्माचे अभ्यासक आणि खुद्द वाचक असे सगळेच तीत उतरले. तिचा मोठा भाग नायिकेपाशी घुटमळत राहिला : श्रद्धेमुळे ही बाई मोकळी होते की वठणीवर आणली जाते? हा प्रश्न अजून सुटलेला नाही हे खरे, पण तो पुरेसा घासून झाला आहे. त्याच्या आड राहिलेला प्रश्न इतिहासाचा आहे. इतिहासाचे सगळे ओझे एका बाईच्या मनात आणून ठेवायचे, ही या कादंबरीची रीत. तिचे बळ त्यातच आहे आणि तिची अडचणही तिथेच सुरू होते.

पूर्वपीठिका

धर्मनिष्ठ समाज, सरलेला काळ आणि बाईचे गुपित ही सांगड इव्हँजेलिकल लेखिकांनी शोधून काढलेली नाही. नॅथॅनिएल हॉथॉर्नने १८५० साली ‘द स्कार्लेट लेटर’ प्रसिद्ध केली तेव्हा कथानक दोनशे वर्षे मागे, प्युरिटनांच्या बॉस्टनमध्ये नेले होते. तिथे हेस्टर प्रिनचा अपराध चव्हाट्यावर मांडलेला आहे. दडलेले आहे ते तिच्या मुलीच्या बापाचे नाव, आणि तो बाप गावाचा पाळक आहे. बाईच्या गुपिताआड समाजाचे गुपित लपलेले असते, ही गोष्ट या परंपरेच्या उगमाशीच नोंदलेली आहे.

याहून मोठे उदाहरण नॉर्वेच्या सिग्रिड उंडसेटचे. ‘क्रिस्टिन लाव्हरान्सदात्तर’ ही तिची चौदाव्या शतकातली त्रिखंडात्मक कादंबरी १९२० ते १९२२ या काळात आली आणि १९२८ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. क्रिस्टिन लग्नाला उभी राहते तेव्हा ती गरोदर आहे. कुमारिकेने मिरवायचा सोनेरी मुकुट तिच्या डोक्यावर आहे आणि तो खोटा आहे हे तिला ठाऊक आहे. त्याच रात्री तिची आई आपल्या नवऱ्यापुढे स्वतःचे लग्नाआधीचे गुपित उघड करते. लेकीचे पाप आणि आईचे पाप एकाच घरात, एकाच रात्री समोरासमोर येतात. पुढे क्रिस्टिन तान्ह्या मुलाला पाठीवर बांधून अनवाणी निदारोसच्या यात्रेला जाते आणि तो मुकुट संत ओलाफच्या चरणी वाहते. एखाद्या इव्हँजेलिकल लेखिकेने इथे कादंबरी संपवली असती. उंडसेट मात्र आणखी दीड खंड लिहिते. क्षमा मिळाल्यावरही नवऱ्याविषयीची अढी, वडिलांना दिलेल्या दुःखाची टोचणी, मुलांच्या वाट्याला आलेले परिणाम हे सारे काळ्या मृत्यूच्या साथीपर्यंत चालू राहते. उंडसेट १९२४ साली कॅथलिक झाली, पण प्रायश्चित्त ही दीर्घ मुदतीची गोष्ट आहे ही जाण कादंबरीत आधीच मुरलेली दिसते. प्रोटेस्टंट शिकवणीत भर वेगळ्या जागी पडतो. तारण कमावता येत नाही, ते कृपेने मिळते, आणि मिळते तेव्हा पूर्ण मिळते. मग कथानकही त्या क्षणाकडे धाव घेते. दोन्ही परंपरांतल्या कादंबऱ्यांची गती वेगळी का, याचे बरेचसे उत्तर लेखकाच्या वकुबापेक्षा या शिकवणीत सापडते.

अमेरिकेतल्या आजच्या प्रवाहाची सुरुवात साधारणपणे दोन पुस्तकांपासून मानतात. कॅथरीन मार्शलची ‘क्रिस्टी’ १९६७ साली आली. लेखिकेच्या आईने तरुणपणी टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या मिशन शाळेत शिकवले होते, त्या अनुभवावर ती बेतलेली आहे. कथा १९१२ ची, नायिका एकोणीस वर्षांची शिक्षिका. पण कादंबरीचे मर्म मिस अ‍ॅलिस या क्वेकर सेविकेच्या भूतकाळात आहे : वयाने मोठ्या आणि धर्मकार्यात मान असलेल्या माणसाने कोवळ्या वयात तिला फसवले होते आणि त्यातून तिला मुलगी झाली होती. १९९९ साली ख्रिस्ती कादंबऱ्यांसाठी पुरस्कार सुरू झाले, त्यांना याच पुस्तकाचे नाव दिले गेले. दुसरे पुस्तक कॅनडाच्या जॅनेट ओक यांचे ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. मिनेसोटातल्या बेथनी हाउसने ते १९७९ साली काढले. गवताळ प्रदेशात नवरा गमावलेली मार्टी एका विधुराच्या लहान मुलीची आई होण्यासाठी त्याच्याशी लग्न करते, एवढेच त्याचे सूत्र. त्याच्या खपाने प्रकाशकांना समजले की ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात येणाऱ्या बायका प्रवचनांच्या पुस्तकांइतक्याच आवडीने कादंबऱ्या नेतात.

ही दुकाने आणि त्यांचे संकेत लक्षात घेतल्याशिवाय गुपिताचे एवढे माहात्म्य का, ते उमगत नाही. शिवीगाळ चालणार नाही, शय्यागृहाचे दार बंद राहील, पापाचे रसभरित वर्णन नको, अशी कडक पथ्ये असत. पण पापाशिवाय पश्चात्ताप नाही आणि पश्चात्तापाशिवाय कथा नाही. तोड निघाली ती अशी की पाप पहिल्या पानाआधीच घडून गेलेले असावे आणि वाचकापर्यंत ते आठवण म्हणून, लपवलेली गोष्ट म्हणून पोचावे. धर्माच्या आधी व्यापारानेच हे तंत्र घडवले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’ (१९९७) या आमिश समाजावरच्या कादंबरीत माळ्यावर सापडलेले तान्ह्या बाळाचे साटीनचे झबले सगळे कथानक हलवून सोडते. साधेपणाचे व्रत घेतलेल्या घरात साटीन आलेच कुठून? ज्यूली क्लासेन यांच्या ‘लेडी ऑफ मिल्कवीड मॅनर’मध्ये पाळकाची मुलगी अविवाहित मातांच्या आश्रमात दिवस काढते. घडून गेलेल्याचे वर्णन कुठेच येत नाही, त्याचे परिणाम मात्र पानोपानी दिसतात.

नायिकेविषयीचा वाद

फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ हा या वादाचा केंद्रबिंदू. रिव्हर्स आधी सर्वसाधारण बाजारासाठी प्रेमकथा लिहीत. धर्माकडे वळल्यावर त्यांनी ही कादंबरी लिहिली. ती १९९१ साली बँटमने काढली आणि १९९७ मध्ये मल्टनोमा या ख्रिस्ती प्रकाशनाने सुधारून पुन्हा आणली. २०२२ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. जुन्या करारात होशेय संदेष्ट्याला व्यभिचारी स्त्रीशी लग्न करण्याची आज्ञा होते, ती गोष्ट इथे १८५० च्या कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धामधुमीत मांडली आहे. लहानपणीच वेश्याव्यवसायात ढकललेली एंजल आणि तिला पत्नी करून घेणारा शेतकरी मायकेल होझिया ही मुख्य पात्रे. एंजल पुन्हा पुन्हा पळून जाते. तिचे सर्वांत खोल दडवलेले गुपित म्हणजे तिचे खरे नाव, सारा. अखेरीस ती मायकेलला ते नाव सांगते तो या कादंबरीचा कळसाध्याय. पाप कबूल करण्यापेक्षा नाव परत मिळवणे लेखिकेने मोठे मानले आहे, आणि ही सूक्ष्मता टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

टीकाकारांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे. मायकेल लग्न लावतो तेव्हा एंजल मार खाऊन अर्धवट शुद्धीत असते. तिचा होकार हा होकार म्हणता येईल का? देवाची आज्ञा म्हणून पुरुषाने धरलेला हट्ट इथे प्रेम ठरतो. तिच्या पळून जाण्यात स्वातंत्र्याची ओढ असू शकते, पण कादंबरी ते देवापासून दूर जाणे म्हणूनच वाचते. यातली रूपककथा मान्य केली तरी वाचकाच्या मनात पती आणि परमेश्वर एकमेकांत मिसळतात, आणि हे मिसळणे निरुपद्रवी नाही, असा स्त्रीवादी आक्षेप. साहित्यिक आक्षेप याहून जुना : शेवट ठरलेला असेल तर श्रद्धेची कसोटी लागलीच कुठे? जिचा देव हमखास उत्तर देतो तिची शंका खरी वाटत नाही.

या आक्षेपांना सर्वांत भरीव उत्तर लेखिकांकडून न येता अभ्यासकांकडून आले. लिन नील यांनी ‘रोमान्सिंग गॉड’ (२००६) या पुस्तकासाठी वाचक स्त्रियांशी बोलून असे दाखवले की या बायका भाबडेपणाने वाचत नाहीत. कुठली कादंबरी बेतलेली, कुठली मनापासूनची हे त्या ओळखतात, पुस्तके एकमेकींना देतात, आजारपणात किंवा घरातल्या संकटात त्यांचा उपासनेसारखा आधार घेतात. डॅनियल सिलिमन यांच्या ‘रीडिंग इव्हँजेलिकल्स’ने (२०२१) आणखी पुढचे सांगितले : इव्हँजेलिकल असणे म्हणजे काय, याची कल्पनाच पुष्कळ लोकांनी व्यासपीठावरून घेण्याऐवजी अशा कादंबऱ्यांमधून घेतली. नील यांचा मुद्दा मला ग्राह्य वाटतो, पण त्याचा आवाका मर्यादित आहे. एखाद्या पुस्तकाने वाचकाला धीर दिला यावरून ते पुस्तक ज्या काळाविषयी आणि ज्या माणसांविषयी बोलते त्यांना न्याय देते, असे सिद्ध होत नाही. आणि सिलिमन म्हणतात तसे या कादंबऱ्या कल्पना घडवत असतील, तर त्या भूतकाळाची कल्पनाही घडवतात. मग चर्चा नायिकेपाशी थांबवता येत नाही.

इतिहासाची अडचण

२०१४ साली केट ब्रेस्लिन यांची ‘फॉर सच अ टाइम’ बेथनी हाउसने काढली. जुन्या करारातली एस्तेरची कथा इथे नाझी छळछावणीत आणली आहे. नायिका हदासा ज्यू आहे, खोट्या कागदपत्रांवर स्टेला या नावाने वावरते आणि टेरेझिनश्टाटच्या एसएस कमांडंटच्या घरी चिटणीस म्हणून राहते. कमांडंट तिच्या प्रेमात पडतो आणि बदलतो. ज्या छावणीत सुमारे ३३ हजार माणसे मेली आणि जिथून त्याहून कितीतरी अधिक पुढच्या मृत्युछावण्यांकडे पाठवली गेली, तिथली ही प्रेमकथा. २०१५ मध्ये ती ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संस्थेच्या रीटा पुरस्काराच्या अंतिम यादीत आली आणि मोठा क्षोभ उसळला. लेखिकेने माफी मागितली. यहुदी समाजाविषयीच्या आस्थेतूनच आपण लिहिले, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. हेतू चांगला असूनही कादंबरी बिघडली ती ठरीव चौकटीमुळे. या प्रकारात गुपित म्हणजे पाप, ते उघड झाले की बरे वाटते. इथे गुपित आहे ते ज्यू असण्याचे. ते पाप नाही, तिच्या जीवावर उठलेल्यांपासून दडवलेली ओळख आहे. पण कथायंत्र तेच राहिल्यामुळे नायिका हळूहळू ख्रिस्ती श्रद्धेकडे सरकते आणि जणू तिच्या ज्यू असण्यातच काही बरे व्हायचे होते असा अर्थ निघतो.

दुसरा प्रसंग २०२१ चा. त्याच संस्थेने रीटाच्या जागी सुरू केलेला व्हिव्हियन पुरस्कार कॅरन विटमायर यांच्या ‘अ‍ॅट लव्ह्ज कमांड’ला दिला आणि काही दिवसांतच काढून घेतला. या कादंबरीचा नायक सातव्या घोडदळातला अधिकारी आहे. २९ डिसेंबर १८९० रोजी वुंडेड नी इथे त्या घोडदळाने लकोटा लोकांची, त्यात कितीतरी बायकामुले होती, जी कत्तल केली तिच्यात तो सामील असतो. हे सुरुवातीच्या पानांत येते. पुढची कादंबरी त्याच्या अपराधभावाची, दुर्बळांना मदत करण्याच्या त्याच्या निश्चयाची आणि एका डॉक्टर स्त्रीच्या प्रेमाची आहे. समर्थकांचे म्हणणे असे की नायक कत्तलीचे समर्थन करत नाही, उलट ती पाप म्हणून ओळखतो. कोणतेही पाप क्षमेच्या पलीकडचे नाही, हीच तर ख्रिस्ती शिकवण. विरोधकांचे म्हणणे, मेलेले लकोटा इथे केवळ एका गोऱ्या माणसाच्या आत्मशुद्धीचे निमित्त झाले.

दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक आहेत आणि तरी त्या एकमेकींशी बोलत नाहीत. यामागे पवित्र शास्त्रातलाच एक जुना ताण आहे. बथशेबा प्रकरणानंतर दाविदाच्या तोंडी जे पश्चात्तापाचे स्तोत्र घातले जाते, त्यात तो आपला अपराध फक्त देवापुढे ठेवतो. ज्याला त्याने मारवले त्या बथशेबाच्या नवऱ्याचा, उरियाचा, त्यात उल्लेखही नाही. लूककृत शुभवर्तमानातला जकातदार जक्कय मात्र ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवतो. एकाची कबुली वरच्या दिशेने जाते, दुसऱ्याची शेजाऱ्याच्या दारापर्यंत. या कादंबऱ्यांना दावीद चांगला जमतो. जक्कय क्वचितच.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, तिने एका माणसाच्याच मनात शिरायचे असते, असा आक्षेप इथे येईल. तो खरा आहे, म्हणूनच या प्रकारातलीच चांगली उदाहरणे पाहायला हवीत. रिव्हर्स यांच्याच ‘द लास्ट सिन ईटर’मध्ये (१९९८) अ‍ॅपलेशियन डोंगरातली दहा वर्षांची कॅडी बहिणीच्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेऊन हिंडते. मेलेल्यांची पापे खाण्यासाठी समाजाने नेमलेल्या माणसाचा माग काढता काढता तिला उमगते की साऱ्या खोऱ्याचेच एक गुपित आहे : तिथल्या मूळच्या आदिवासींची कत्तल करून ही वस्ती वसली. मुलीचे एवढेसे गुपित आणि वडीलधाऱ्यांचे अवाढव्य गुपित यांची अशी गाठ घालणे हे या प्रकारातले मोठे यश आहे. लिन ऑस्टिन यांनी ‘कँडल इन द डार्कनेस’मध्ये (२००२) रिचमंडच्या गुलाम बाळगणाऱ्या घरातली कॅरोलाइन यादवी युद्धात उत्तरेसाठी हेरगिरी करताना दाखवली आणि तिला श्रद्धेचे धडे मिळतात ते घरातल्या गुलामांकडून. रिचमंडमध्ये एलिझाबेथ व्हॅन ल्यू नावाची अशी हेर खरोखरच होती, त्यामुळे हे कल्पनेचे उड्डाण नाही. याच मालिकेच्या तिसऱ्या भागात ऑस्टिन यांनी कथा गुलाम स्त्रीपुरुषांच्या बाजूने सांगून पाहिली. लॉरी बेंटन यांच्या ‘बर्निंग स्काय’ची (२०१३) नायिका मोहॉक लोकांत बारा वर्षे राहून परत आली आहे. तिथला नवरा, तिथली मुले तिने गमावली आहेत, आणि त्या आयुष्याला पाप म्हणायला कादंबरी तयार नाही. म्हणजे ही चौकट ताणता येते. मात्र कॅडीची कथा सांगते ती कॅडीच. खोऱ्यातून ज्यांना पुसून टाकले त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी तिथे नाही.

मराठीच्या बाजूने

हा सगळा प्रवाह अमेरिकन असला तरी मराठी वाचकाला तो एका वेगळ्या कोनातून पाहता येतो. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) एका ख्रिस्ती लेखकाने स्त्रीच्या दुःखावर लिहिलेली आहे. ती ऐतिहासिक नाही, स्वतःच्या काळातल्या विधवांचे हाल सांगणारी आहे. पण गुपिताची जागा तिथे नेमकी उलटी आहे. अमेरिकन कथेत श्रद्धा हा समाजाचा सर्वमान्य धर्म आणि लपवायचे ते पाप. नायिका यमुनेसाठी लपवायची गोष्ट म्हणजे श्रद्धाच. ती उघड झाली की घर, जात, माहेर सगळे तुटते. धर्मांतरानंतरही वारसाहक्क शाबूत ठेवणारा कायदा १८५० साली झाला होता, पण चुलीजवळची जागा कायद्याने परत मिळत नव्हती. अहमदनगरच्या धर्मांतरित ब्राह्मण घरात १८६२ साली जन्मलेल्या कृपाबाई सत्त्यनादन यांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘सगुणा’मध्येही नायिकेइतकीच तिची आई लक्षात राहते, नवऱ्याच्या धर्मांतराचा धक्का सोसणारी राधा. आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त १८९५ साली त्यांच्या पतीने बाप्तिस्मा घेतल्यापासून १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः तो घेईपर्यंतची वर्षे ज्या तपशिलात आली आहेत, त्यात एका क्षणात होणाऱ्या हृदयपरिवर्तनाला जागाच नाही. शिवाशिव, पाणी, जेवण अशा एकेका गोष्टीतून श्रद्धा बदलत जाते. हे आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, पण शंकेला पुरेसा वेळ कसा द्यावा हे शिकायला इव्हँजेलिकल लेखिकेला याहून चांगला नमुना मिळणे कठीण. श्रद्धा हीच जोखीम असेल तर तिची कसोटी आपोआप लागते, या निरीक्षणाने वर आलेल्या साहित्यिक आक्षेपालाही थोडे उत्तर मिळते : दोष श्रद्धेच्या कथेत नाही, ज्या समाजात श्रद्धेची काहीच किंमत मोजावी लागत नाही अशा समाजाच्या कथेत आहे.

अनिर्णित

व्यापाराचे चित्र बदलले आहे. फॅमिली ख्रिश्चन ही दुकानांची साखळी २०१७ मध्ये बंद पडली, लाइफवेने २०१९ मध्ये आपली सगळी दुकाने मिटवली. विक्री बरीचशी ऑनलाइन गेली. दुकानांची पथ्ये सैल झाल्यावर पापाला पहिल्या पानाआधी ढकलण्याची सक्ती उरणार नाही. मग गुपिताचे तंत्र टिकेल की तेही मागे पडेल, हे अजून ठरायचे आहे. गुलामांच्या आणि आदिवासींच्या वतीने गोऱ्या लेखिकांनी लिहावे का, यावर एकमत नाही. ऑस्टिन यांचा प्रयत्न सद्‌भावाचा मानणारे आहेत आणि ती जागा दुसऱ्या कोणाची होती असे मानणारेही आहेत. या कादंबऱ्या एका ठरावीक मंडळीने आपसात वाचायच्या असे जे गृहीत होते ते २०१५ आणि २०२१ च्या प्रसंगांनी मोडले. आता तेच पुस्तक यहुदी वाचक उघडतो, लकोटा वाचक उघडतो.

सर्वांत अवघड प्रश्न कथानकाचा आहे. पीडितांपैकी कोणी या कादंबरीत खऱ्या अर्थाने पात्र म्हणून आले, तर त्याला क्षमा नाकारायचा हक्क असेल का? देवाची क्षमा पूर्ण आहे असे मानणाऱ्या लेखिकेला, माणसाने ती नाकारली आणि तरीही तो माणूस चुकला नाही, असा प्रसंग लिहिता येईल का? लिहिला तर उरलेल्या पानांत नायक-नायिकेने काय करायचे, लग्नाचा शेवट ठेवायचा की नाही, हे प्रकाशकाच्या टेबलावर ठरेल. शास्त्राच्या बाजूने त्याला अडकाठी नाही. जक्कयाने ज्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवली, त्यांनी ते घेतले की त्याच्या तोंडावर फेकले, हे लूकने सांगितलेले नाही.